विशेष शिक्षकाची घडण सराव पाठातून

सर्वसाधारण शाळेत छात्राध्यापकाचा एखादा सराव पाठ फसला, तर वर्गातील बहुसंख्य मुले तो धडा पाठ्यपुस्तकातून किंवा शिकवणीतून भरून काढतात. विशेष शाळेतील मुलांना ही सोय नसते. कर्णबधिर बालकाला शिक्षकाचे बोलणे पोहोचले नाही, किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीला कृतीचा क्रम उमगला नाही, तर तो दिवस वाया जातो. म्हणूनच विशेष शिक्षणाच्या पदवीत प्रात्यक्षिकाला पुस्तकी अभ्यासाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व आहे.

कायद्याची चौकट

भारतात विशेष शिक्षकांच्या अभ्यासक्रमांवर भारतीय पुनर्वास परिषदेचे नियंत्रण आहे. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या या परिषदेला १९९२ च्या कायद्यान्वये वैधानिक दर्जा मिळाला. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करून परिषदेच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव नोंदविल्याखेरीज या क्षेत्रात व्यवसाय करता येत नाही. या नियमाचा भंग केल्यास एक वर्षापर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद कायद्यात आहे.

परिषदेने २०१५ मध्ये बी.एड. (विशेष शिक्षण) या पदवीचा कालावधी एका वर्षावरून दोन वर्षांवर नेला. दृष्टिदोष, श्रवणदोष, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, स्वमग्नता आणि बहुविकलांगता यांपैकी एका विषयात विशेष अध्ययन करावे लागते. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या विशेष शिक्षण विभागात, तसेच वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत विशेष शिक्षकांना प्रशिक्षण देण्यात येते.

निरीक्षणापासून प्रारंभ

छात्राध्यापकाच्या हाती पहिल्याच दिवशी वर्ग सोपविला जात नाही. आधी निरीक्षण आणि त्याची नोंद हा टप्पा असतो. येथेच पहिली सवय मोडावी लागते. ‘मुलगा आक्रमक आहे’ असे वाक्य वहीत आढळले, की मार्गदर्शक प्राध्यापक ते खोडतात. मुलाने नेमके काय केले, किती वेळा केले, त्याआधी काय घडले आणि त्यानंतर इतरांनी काय केले, एवढेच लिहिणे अपेक्षित असते. घंटेच्या कर्कश आवाजानंतर प्रत्येक वेळी मूल कान झाकून ओरडत असेल, तर उपाय मुलाला दटावण्यात नसून घंटेत आहे, हे अशा नोंदीतूनच कळते.

यानंतर मूल्यमापन येते. बौद्धिक अक्षमतेच्या क्षेत्रात ‘मद्रास डेव्हलपमेंटल प्रोग्रॅमिंग सिस्टीम’ ही भारतात विकसित झालेली सूची सुपरिचित आहे. तीत १८ क्षेत्रांतील ३६० कौशल्ये क्रमाने मांडलेली आहेत. मुलाला काय येत नाही याची यादी करण्यापेक्षा आज काय येते आणि त्यापुढची पायरी कोणती, हे शोधणे हा तिचा उद्देश. या माहितीवरून प्रत्येक मुलाचा स्वतंत्र वैयक्तिक शिक्षण आराखडा तयार केला जातो.

हाताला लागणारी कौशल्ये

सदऱ्याची बटणे लावणे ही मोठ्यांना एक कृती वाटते. प्रशिक्षणात तिचे लहान लहान टप्पे पाडायला शिकविले जाते. अनेकदा शेवटचा टप्पा आधी शिकवितात. शिक्षक काजातून अर्धे आलेले बटण फक्त ओढायला सांगतो. काम आपल्या हातून पूर्ण झाल्याचा आनंद मुलाला पहिल्याच दिवशी मिळतो, मग मागचे टप्पे एकेक करून जोडले जातात. हात धरून मदत कधी करायची, नुसत्या खुणेवर कधी थांबायचे आणि मदत कधी काढून घ्यायची, हा निर्णय सरावानेच जमतो.

दृष्टिदोषाच्या वर्गासाठी ब्रेल लिपी आत्मसात करणे अनिवार्य असते. सहा टिंबांच्या या लिपीत ब्रेल पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचत लिहावे लागते. कागद उलटल्यावर तेच डावीकडून उजवीकडे वाचले जाते. भारती ब्रेलमध्ये ‘क’ या अक्षराची खूण इंग्रजीतील ‘के’चीच आहे. शिवाय छात्राध्यापक डोळ्यांवर पट्टी बांधून पांढरी काठी घेऊन चालण्याचा सराव करतात. जिन्याची शेवटची पायरी किंवा अर्धवट उघडे दार म्हणजे काय, याचा प्रत्यय त्यांना त्यातून येतो.

श्रवणदोषाच्या क्षेत्रात दिवसाची सुरुवात श्रवणयंत्राच्या तपासणीने होते. बॅटरी उतरलेली असेल, तर उत्तम पाठही व्यर्थ ठरतो. आ, ई, ऊ, श, स, म हे सहा ध्वनी ओठ झाकून उच्चारले जातात आणि मुलाला ते ऐकू येतात का, हे पाहिले जाते. यांपैकी ‘स’ आणि ‘श’ ऐकू येत नसतील, तर उच्च कंप्रतेचे ध्वनी त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत, हे शिक्षकाच्या ध्यानात येते.

अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत भाषेचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. मराठी माध्यमातील मुलाची चाचणी इंग्रजीतून घेणे अन्यायकारक होय. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने विकसित केलेल्या ‘डाली’ या चाचणीसंचात हिंदी, कन्नड व इंग्रजीसह मराठीचाही समावेश आहे. वेलांटी, जोडाक्षरे आणि रफार यांत होणाऱ्या चुकांमागील सूत्र ओळखण्यासाठी छात्राध्यापकाला मुलांच्या अनेक वह्या बारकाईने वाचाव्या लागतात.

तीन प्रकारच्या शाळा

परिषदेच्या २०१५ च्या आराखड्यात आंतरवासितेसाठी तीन प्रकारची ठिकाणे सांगितली आहेत : स्वतःच्या विशेष विषयाची शाळा, अन्य अक्षमतेची शाळा आणि सर्वसमावेशक शाळा. यांपैकी तिसरे ठिकाण कसोटी पाहणारे असते. भरलेल्या वर्गात एका दिव्यांग मुलासाठी पाठात बदल करायचा, वर्गशिक्षकाला विश्वासात घ्यायचे आणि मुलाला इतरांपासून वेगळे पाडायचे नाही, अशी तिहेरी जबाबदारी तेथे पडते. पालकांशी संवाद साधणे हाही याच प्रशिक्षणाचा भाग. शाळेत शिकविलेली खूण घरी वापरली गेली नाही, तर ती टिकत नाही.

वाढती गरज

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने अक्षमतेचे २१ प्रकार मान्य केले आणि लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मधील निकालात प्राथमिक स्तरावर दहा, तर त्यापुढील स्तरावर पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण ठरविले. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यांना विशेष शिक्षकांची पदे मंजूर करून अधिसूचित करण्याचे निर्देश दिले.

पदांची संख्या वाढत असताना प्रशिक्षण घाईने उरकण्याचा मोहही वाढतो. सराव पाठ केवळ वहीत पूर्ण झाले, तर पदवी मिळते. परंतु त्याची किंमत वर्गातील मुलाला मोजावी लागते. त्यामुळे प्रवेश घेण्यापूर्वी इच्छुकांनी परिषदेची चालू मान्यता तपासण्याबरोबरच काही प्रश्न अवश्य विचारावेत. आंतरवासितेसाठी संस्था कोणत्या शाळांशी संलग्न आहे? प्रत्येक पाठाचे निरीक्षण कोण करते? फसलेल्या पाठानंतर तोच पाठ बदलून पुन्हा घेण्याची संधी मिळते का? उत्तम विशेष शिक्षक घडतो तो या दुसऱ्या पाठातूनच.