तुरुंगाच्या दारातले समाजकार्य : प्रा. विजय राघवन

कळमन्याच्या बाजारात पहाटेपासून गाड्या रिकाम्या करणारे हमाल आणि आजूबाजूच्या वस्त्यांतले रोजंदार यांच्यात आम्ही काम करतो. अशा घरातला मुलगा किरकोळ चोरीच्या आरोपात आत गेला, की जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही. हाच प्रश्न अभ्यासाचा आणि कामाचा विषय करणाऱ्या गुन्हेगारीशास्त्रज्ञाची ही ओळख.

कार्य
प्रा. विजय राघवन हे मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतील (टिस) गुन्हेगारीशास्त्र व न्याय केंद्राचे प्राध्यापक. त्यांची ओळख जोडलेली आहे ती ‘प्रयास’ या क्षेत्रकार्य प्रकल्पाशी. टिसच्याच प्रा. सनोबर साहनी यांनी १९९० मध्ये तो सुरू केला. राघवन तेथे समाजकार्यकर्ते म्हणून काम करत प्रकल्प संचालक झाले. तुरुंग, न्यायालय आणि पोलीस ठाणे येथे कार्यकर्ते बसवायचे, कैद्याला वकील आणि घरच्यांशी जोडून द्यायचे, सुटल्यावर रोजगार शोधायला मदत करायची, अशी ‘प्रयास’ची पद्धत आहे.

अभ्यास
महाराष्ट्रातील तुरुंगांत मुस्लिम कैद्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने जास्त का, यावर राघवन आणि रोशनी नायर यांचा लेख २०१३ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. तुरुंगात कोण पोहोचते, हा प्रश्न गरिबी आणि भेदभाव यांच्यापासून वेगळा काढता येत नाही. आंबेडकरी चळवळीला हे नवे नाही. २०२२ अखेर देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे चारपैकी तिघांवरचा गुन्हा सिद्ध झालेलाच नव्हता. अनुसूचित जातींचा वाटाही लोकसंख्येतील वाट्यापेक्षा मोठा आहे. तुरुंगात जातीनुसार कामे वाटणारे नियम सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, रद्द केले.

आपण काय करू शकतो
- विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, स्त्रियांना आणि कोठडीतील प्रत्येकाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीमुळे अनुसूचित जातींतील बौद्धही यात येतात.
- जामीन होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी सांगितले आहे. त्याचा पाठपुरावा करा.
- पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार त्याला सोडण्याची तरतूद आहे. जन्मठेप वा फाशीचे गुन्हे आणि अनेक खटले प्रलंबित असलेले आरोपी यातून वगळले आहेत.

समाजकार्य वा कायदा शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी या क्षेत्राकडे वळावे, असे आम्हाला वाटते. मोर्चाला शंभर जण येतात, तारखेच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात मात्र एकटी आई उभी असते. तिच्या शेजारी आपल्यातले कोणी उभे राहायला हवे.

जय भीम.