पाहुणा चालक, रहिवासी शिकाऊ

आजच्या व्याख्यानाचं नाव वाचून दोघातिघांनी मला बाहेरच गाठलं आणि विचारलं, इतिहासाच्या मालिकेत हे लायसन्सचं काय काढलंत? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर घरातूनच सुरू होतं, म्हणून आधी घरचंच सांगतो.

माझा भाचा चाकणला एका मोटार कारखान्यात काम करायचा. तिथून त्याला जर्मनीत, स्टुटगार्टजवळ नोकरी मिळाली. पुण्यात बारा वर्षं गाडी चालवलेला मुलगा, म्हणजे जगात कुठेही चालवेल अशी आपली ठाम समजूत. (हशा) पहिले सहा महिने तो पुण्याचं लायसन्स आणि त्याचं जर्मन भाषांतर खिशात घालून बिनधास्त फिरला, ऑटोबानवरसुद्धा. मग सहा महिने भरले. एका रात्रीत तो कायद्याच्या नजरेत विनापरवाना चालक झाला, आणि तिकडे तो फौजदारी गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. फोनवर मला म्हणाला, "मामा, काल मला गाडी येत होती. आज येत नाही. असं कसं?"

गंमत बघा. पहिल्या दिवशी त्याला रस्ते माहीत नव्हते, पाट्या कळत नव्हत्या, गाडी उजवीकडून चालवायची सवय नव्हती. तेव्हा त्याला परवानगी होती. सहा महिन्यांत हे सगळं अंगवळणी पडलं, आणि नेमकी तेव्हाच परवानगी संपली. सुरक्षिततेचा विचार केला तर हे उलटं व्हायला हवं. मग हा नियम आला कुठून? हे शोधायचं तर जरा मागे जावं लागतं, आणि नशिबाने फार लांबच्या प्रदेशात जावं लागत नाही. स्टुटगार्टहून मानहाइम गाडीने दोन तासांच्या आत येतं.

मानहाइममध्ये कार्ल बेन्झ राहायचा. त्याच्या तीनचाकी मोटारीचा आवाज आणि वास यांना लोक वैतागले होते, तेव्हा सार्वजनिक रस्त्यावर ती चालवायला त्याने सरकारची लेखी परवानगी मागितली. 1 ऑगस्ट 1888 रोजी ती मिळाली. पुष्कळजण तिला जगातलं पहिलं ड्रायव्हिंग लायसन्स म्हणतात. पण त्यात परीक्षा कुठे होती? परीक्षा घेणार कोण? ज्याने यंत्र बनवलं त्याच्याहून जास्त ते कुणाला येत होतं? त्याच महिन्यात त्याची बायको बेर्था दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, ती गाडी मानहाइमहून शंभरेक किलोमीटरवरच्या फोर्झहाइमला घेऊन गेली, माहेरी. वाटेत विस्लोखच्या औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं. तिच्या हातात कुठला परवाना होता असं कुणी म्हणत नाही.

परीक्षा आली ती बॉयलरच्या मागून. 1865 मध्ये याच मानहाइममध्ये एका मद्य बनवण्याच्या कारखान्यात वाफेचा बॉयलर फुटला. त्यानंतर 1866 मध्ये तिथल्या कारखानदारांनी बॉयलर तपासणारा आपलाच एक संघ काढला. तसे संघ मग ठिकठिकाणी निघाले. आज जर्मनीत ज्याला 'ट्यूफ' म्हणतात, गाड्या तपासणारी आणि चालकांची परीक्षा घेणारी संस्था, तिचं मूळ हे. 1903 मध्ये प्रशियाने मोटार चालवणाऱ्यांना परीक्षा सक्तीची केली, तेव्हा ते काम या बॉयलरवाल्यांकडे सोपवलं. साहजिकच प्रश्न जास्त करून यंत्राचे असायचे. गाडी बंद पडली तर काय कराल, ब्रेक कसा काम करतो, वगैरे. दुसऱ्या माणसाला आधी जाऊ द्यायचं की नाही, हा प्रश्न पुष्कळ नंतरचा.

आता 1909 साल. मला हे साल फार महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी मे महिन्यात जर्मनीने साऱ्या देशासाठी मोटार वाहतुकीचा एक कायदा केला. तोवर संस्थानागणिक वेगळे नियम होते. आणि त्याच वर्षी 11 ऑक्टोबरला पॅरिसमध्ये मोटारींच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीचा पहिला करार झाला. जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन त्यात होते. करार असा, की एका देशाने दिलेला आंतरराष्ट्रीय पास दुसऱ्या देशाने मानायचा. मुदत एक वर्ष. पास सरकार देईल, किंवा सरकारने अधिकार दिलेली संघटना देईल. या 'संघटना' शब्दातून मोटार क्लब आत आले.

1909 मध्ये स्वतःची मोटार घेऊन सरहद्द ओलांडणारा माणूस कोण होता, याचा विचार करा. श्रीमंत. हौशी. उन्हाळ्यात आल्प्सला जाणारा, दोन महिन्यांनी घरी परतणारा. करार त्याच्यासाठी लिहिला गेला. दुसऱ्या देशात जाऊन मजुरी करणारा माणूस त्या काळीही होता, लाखांनी होता, पण तो आगगाडीच्या तिसऱ्या वर्गातून जात होता. त्याच्याकडे मोटार असेल ही कल्पनाच त्या टेबलावर बसलेल्यांच्या डोक्यात नव्हती.

पुढचे करार याच पायावर उभे राहिले. 1949 च्या जिनिव्हा करारात स्पष्ट लिहिलंय, की जो चालक सलग एक वर्षाहून जास्त आपल्या देशात राहिला त्याला ही सवलत देण्याचं बंधन नाही. 1968 च्या व्हिएन्ना करारात तर, ज्याने आपलं नेहमीचं वास्तव्य आपल्या देशात हलवलं त्याचा परवाना मानायलाच हवा असं नाही, असं कलम आहे. म्हणजे विश्वास टाकायचा तो पाहुण्यावर. तो राहायला आला की विश्वास संपला. आपल्याकडेही पाहुणा चार दिवसांचा गोड असतो म्हणा. (हशा)

इथे एक आडवळण घेतो, पण ते टाळून चालणार नाही. परवाना हा फक्त हाताच्या कसबाचा दाखला असतो का? 3 डिसेंबर 1938 रोजी हाइनरिख हिमलरने हुकूम काढून जर्मनीतल्या सगळ्या ज्यूंचे वाहन परवाने रद्द केले. व्हिक्टर क्लेम्परर हे ड्रेस्डेनचे भाषांचे प्राध्यापक. ज्यू म्हणून नोकरी आधीच गेलेली. पन्नाशी उलटल्यावर, 1936 मध्ये, ते गाडी शिकले आणि एक जुनी गाडी घेतली. कोंडलेल्या आयुष्यात तेवढीच मोकळी हवा. त्यांच्या रोजनिशीत या गाडीच्या कटकटी आणि आनंद दोन्ही आहेत, आणि मग परवाना काढून घेतल्याचंही आहे. ही माणसं परदेशी नव्हती. पिढ्यान् पिढ्या तिथलीच. त्यांना परकं ठरवायचं होतं आणि त्याची एक पायरी म्हणजे परवाना काढून घेणं. याची आणि आजच्या नियमांची तुलना मी करत नाहीये, तसं करणं चूकच होईल. मी एवढंच दाखवतोय, की हे कार्ड कुणाच्या खिशात असावं हा प्रश्न नुसत्या वाहतुकीचा कधीच नव्हता.

युद्धानंतर पश्चिम जर्मनीला माणसं हवी होती. 1955 मध्ये इटलीशी कामगारांचा करार झाला, 1961 मध्ये तुर्कस्तानशी. त्यांना 'पाहुणे कामगार' म्हणत. बघा, शब्दसुद्धा पाहुण्याचाच. आता मात्र राहायला आलेला माणूस स्टीअरिंगवर बसला आणि जुना नियम बोचायला लागला.

स्टुटगार्टच्या दक्षिणेला रॉयटलिंगन म्हणून गाव आहे. तिथल्या कोर्टात एका फ्रेंच माणसाचा खटला उभा राहिला. जर्मनीत एका वर्षाहून जास्त राहतोय, फ्रान्सचा परवाना आहे, जर्मन परवाना काढलेला नाही. गुन्हा: विनापरवाना गाडी चालवणे. प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेलं. नोव्हेंबर 1978 मध्ये निकाल आला. न्यायालय म्हणालं, राज्याला आपला परवाना मागायचा हक्क आहे, पण ज्याने एकदा परीक्षा दिलीय त्याला उगाच पुन्हा तीच परीक्षा द्यायला लावणं किंवा अवाच्या सवा खर्च करायला लावणं हे माणसाच्या मुक्त वावराच्या आड येतं. दोन वर्षांनी, 1980 मध्ये, युरोपीय समुदायाने नियम केला: वर्षभरात जुना परवाना द्या, नवा घ्या, परीक्षा नाही.

तरी वर्षाची अट राहिलीच. मग आणखी एक खटला. ग्रीसहून बर्लिनला आलेली एक उद्योजक बाई, ग्रीक परवाना वर्षात बदलून घ्यायला चुकली, पकडली गेली. फेब्रुवारी 1996 मध्ये त्याच न्यायालयाने जे सांगितलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात स्वच्छ वाक्य वाटतं, माझ्या शब्दांत सांगतो: गाडी चालवण्याचा तिचा हक्क मूळच्या परवान्यातूनच येतो, नवं कार्ड हा त्या हक्काचा नुसता पुरावा. त्यामुळे कार्ड बदललं नाही म्हणून तिला विनापरवाना चालकाची शिक्षा देणं अतिरेक आहे. जर्मन भाषेत यासाठी दोन शब्दच आहेत. 'फारएरलाउब्निस' म्हणजे चालवण्याची परवानगी, आणि 'फ्यूररशाइन' म्हणजे ती दाखवणारा कागद. आपण दोन्हीला लायसन्स म्हणतो आणि घोळ घालतो. त्याच वर्षी 1 जुलैपासून युरोपीय संघात परवाना बदलून घ्यायची सक्तीच गेली. 1990 मध्ये दोन जर्मनी एक झाल्या तेव्हा ट्राबांटवर शिकलेल्या पूर्वेकडच्या चालकांचे परवाने तर आधीच बिनबोभाट मान्य झाले होते.

म्हणजे ज्यांना आपलं मानायचं ठरलं त्यांच्यासाठी रहिवाशाचा प्रश्न सुटला. बाकीच्यांसाठी यादी आहे. जर्मन नियमांना जोडलेल्या त्या यादीत जपान आहे, दक्षिण कोरिया आहे, दक्षिण आफ्रिका आहे. या देशांच्या परवान्याला परीक्षा नाही. अमेरिकेचं तर राज्यागणिक वेगळं आहे: टेक्ससचा परवाना सरळ बदलून मिळतो, कॅलिफोर्नियाचा नाही. भारत यादीत नाही. तुर्कस्तानही नाही, एवढ्या वर्षांच्या नात्यानंतर. आपण डावीकडून चालवतो म्हणून, असं कुणी म्हणेल, तर जपान आणि दक्षिण आफ्रिकाही डावीकडूनच चालवतात.

आता प्रामाणिकपणे बोलायचं तर आपलं लायसन्स कसं मिळतं हे या सभागृहात कुणाला सांगायला नको. आठचा आकडा काढून दाखवला की झालं. जर्मनांनी त्यावर शंका घेतली तर मला राग येत नाही. पण मग ती शंका विमानतळावरच घ्या ना. सहा महिने थांबून का घेता? आणि यातली मेख पुढे आहे. मी इथे बारा महिन्यांहून जास्त राहणार नाही, असं तुम्ही पटवून दिलंत तर ही मुदत आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढू शकते. जाणार असाल तर चालवा. राहणार असाल तर परीक्षा द्या. 1909 चा तो आल्प्सचा हौशी प्रवासी अजून त्या नियमात बसलेला आहे.

भाच्याने परीक्षा दिली. डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराचा वर्ग, मग तीस प्रश्नांची लेखी परीक्षा. तिकडे नवशिक्याला ठराविक तासांची शिकवणी सक्तीची असते, ती याला माफ होती, पण परीक्षेला गाडी ड्रायव्हिंग स्कूलचीच लागते आणि शेजारी शिक्षक. लेखी परीक्षा जर्मनखेरीज बारा भाषांत देता येते, आणि ती यादी म्हणजे एक छोटा इतिहासच आहे. इटालियन, ग्रीक, तुर्की हे पाहुणे कामगारांचे. अरबी 2016 मध्ये आली, सीरियातून माणसं आल्यानंतर. आपली एकही भाषा नाही, त्याने इंग्रजीत दिली.

प्रत्यक्ष परीक्षेत पहिल्यांदा नापास झाला. कारण ऐका. जिथे पाटी नाही, सिग्नल नाही, अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा तिथला नियम. उजवीकडून एक सायकलवाली मुलगी येत होती. हा थांबला नाही, कारण पुण्याच्या हिशेबात ती पुष्कळ लांब होती. (हशा) दुसऱ्या खेपेला पास झाला.

नवं कार्ड हातात देताना खिडकीतल्या बाईंनी पुण्याचं लायसन्स मागून घेतलं. नियमच आहे, जुनं जमा केल्याशिवाय नवं मिळत नाही. त्याने तिथेच उभं राहून त्याचा एक फोटो काढला, अठराव्या वर्षीचा चेहरा होता त्यावर. जुन्या कार्डावर दुचाकी आणि चारचाकी दोन्ही होत्या. नव्यावर, परीक्षा दिली तेवढीच, चारचाकी.

दिवाळीत घरी आला तेव्हा माझ्या स्कूटरची किल्ली मागायला लागला. मी विचारलं, "लायसन्स दाखव." त्याने फोनवरचा तो फोटो दाखवला. किल्ली काही दिली नाही, मागे बसवून चितळ्यांकडे नेला.