जाळावरून उडी, विहिरीत उडी

आमच्या पडघ्याला जून लागला की माणसांची नजर आभाळाकडे. पेरणीच्या धांदलीत २१ तारखेचा वर्षातला सर्वांत मोठा दिवस कधी आला नि कधी गेला, याची कुणी वास्तपुस्त करीत नाही. कशी करणार? आमचा मोठा दिवस जेमतेम सव्वातेरा तासांचा, आणि तोही ढगांच्या गोधडीखाली! जाळ म्हणाल, तर तो फाल्गुनातच होळीला पेटवून, नारळ अर्पून आम्ही मोकळे झालेले असतो.

बाल्टिक समुद्राकाठच्या एस्टोनियाचे तसे नाही. तिथे हिवाळ्यात सहा तासांवर आलेला दिवस जूनमध्ये साडेअठरा तासांचा होतो. २३ जूनच्या सायंकाळी गावोगाव जाळ पेटतात, तरुण मंडळी त्यावरून उड्या मारतात. किनाऱ्यावरचे कोळी जुन्या होड्याही त्या जाळात देत. प्रेमी जोडपी रानात नेच्याचे फूल शोधायला जातात. नेच्याला फूल येतच नाही, हे त्यांना ठाऊक नसते असे थोडेच आहे!

सणाचे नाव 'यान'चा दिवस. यान म्हणजे बाप्तिस्मा देणारा संत योहान. लूकच्या शुभवर्तमानाप्रमाणे तो येशूहून सहा महिन्यांनी मोठा, म्हणून त्याचा जन्मदिन २४ जून. तेराव्या शतकात तलवारीबरोबर ख्रिस्ती धर्म आला आणि जुन्या जाळाला संताचे नाव मिळाले. पुढे २३ जून १९१९ रोजी सेसिसच्या लढाईत एस्टोनियनांनी जर्मन फौजेला हरविले. १९३४ पासून तो विजयदिन झाला. सोव्हिएत अमलात विजयदिन बंद पडला, पण यानचे जाळ काही विझले नाहीत. १९९१ मध्ये स्वातंत्र्य परतले. आता राष्ट्राध्यक्ष २३ जूनला सकाळी ज्योत पेटवितात आणि ती देशभर नेली जाते.

याच संताचा हाच दिवस पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला. पोर्तुगालातही त्या रात्री जाळावरून उड्या मारतात. पण गोव्यातला जून! भर पावसात लाकडे पेटायची कशी? जाळाची जागा विहिरीने घेतली ती पावसामुळेच, असे मला वाटते. गोवेकर मात्र वेगळे सांगतात. मरिया भेटीला आली तेव्हा एलिझाबेथच्या पोटातल्या योहानाने आनंदाने उडी मारली. विहीर म्हणजे ते आईचे पोट. त्यांचेच म्हणणे अधिक गोड आहे.

सांजांवाला पाना-फुलांचे कोपेल डोक्यावर घालून, घुमट वाजवीत मंडळी घरोघर हिंडतात आणि विहिरींत उड्या घेतात. नव्या जावयाचा तर त्या दिवशी थाटच. आपला दिवाळसण आठवावा! शिवोलीला सजविलेल्या होड्यांची मिरवणूक निघते.

एकदा त्या दिवशी मी गोव्यात होतो. यजमानांनी माझ्याही डोक्यावर कोपेल चढविले आणि विहिरीच्या काठावर नेऊन उभे केले. पाणी तुडुंब होते. पाठीला डबा बांधून पडघ्याच्या विहिरीत पोहायला शिकलेला मी; पण धोतर सावरीत मागे सरलो. पोरे हसली. ती चुटपूट अजून आहे.