रात्रीची दुर्बीण आणि पहाऱ्यावरचा माणूस



युनियनचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो पगारवाढ नाहीतर बोनस यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आजचा माझा विषय निराळा आहे. पण तो मला एका कामगारानेच दिला. एका गोदामावर रात्रीचा पहारा करणारे आमचे एक तरुण सभासद एके दिवशी कचेरीत आले आणि त्यांनी पिशवीतून एक छोटी दुर्बीण काढून माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाले, "भाऊ, दिवसा हिच्यातून टेकडीवरच्या देवळाचा कळस अगदी जवळ दिसतो. रात्री मात्र कुंपणापलीकडचं कुत्रंही दिसत नाही. मी फसलो का?" दुर्बिणीवर '१० × २५' असे आकडे होते. मला उत्तर देता येईना. जे येत नाही ते वाचून काढायचे, ही माझी जुनी खोड. ते वाचता वाचता मी जेनाच्या कारखान्यापर्यंत आणि टायटॅनिकच्या डोलकाठीपर्यंत जाऊन पोहोचलो. तीच हकीगत आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम त्या दोन आकड्यांचा उलगडा करू. पहिला आकडा वस्तू किती पटींनी मोठी दिसते तो. दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास निघतो. दुर्बीण हातभर दूर धरून आभाळाकडे रोखावी. मागच्या भिंगात एक उजळ टिकली दिसते, तीच ही. आता आपल्या डोळ्याची बाहुली उन्हात दोन-तीन मिलिमीटर असते आणि काळोखात तरुण माणसाची सातपर्यंत उघडते. आमच्या मित्राच्या दुर्बिणीतून येणारे वर्तुळ अडीच मिलिमीटरचे. म्हणजे सात मिलिमीटरचे दार उघडे असताना आत प्रकाश येणार तो अडीच मिलिमीटरच्या फटीतून. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर जेमतेम आठवा हिस्सा. दिवसा बाहुली स्वतःच लहान असते, म्हणून उणीव भासत नाही. रात्री चित्र काळवंडते. ते फसले नव्हते. दिवसाचे हत्यार रात्रीला घेऊन बसले होते, इतकेच.

दर्यावर्दी लोकांना हे अनुभवाने कळले होते. म्हणून विसाव्या शतकात आरमाराची रात्रीची दुर्बीण म्हणून मान्यता पावली ती '७ × ५०'. पन्नासाला साताने भागले की सातच येतात. बाहुलीचे दार आणि प्रकाशाची वाट सारखी झाली. पण एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. भिंगांची कोणतीही साधी दुर्बीण काळोख्या पाण्याचा पृष्ठभाग उघड्या डोळ्याला दिसतो त्याहून उजळ करीत नाही. ती तो तेवढाच उजळ ठेवून मोठा करते, आणि मोठे झाले की अंधूक वस्तू ओळखता येते. या लाभाची किंमतही असते: दुर्बीण लावली की समुद्राचा एक तुकडाच दिसतो, बाकीचा नजरेआड होतो.

ही मर्यादा मनात ठेवून आपण १४ एप्रिल १९१२ च्या रात्रीकडे वळू. टायटॅनिक चार दिवसांपूर्वी साउदॅम्प्टनहून निघाले होते. चंद्र नव्हता, समुद्र आरशासारखा शांत होता आणि जहाज तासाला सुमारे २२ सागरी मैलांनी धावत होते. डोलकाठीवरच्या उघड्या पिंजऱ्यात फ्रेडरिक फ्लीट आणि रेजिनाल्ड ली हे दोन टेहळे रात्री दहापासून उभे होते. फ्लीट चोवीस वर्षांचा, अनाथाश्रमात वाढलेला खलाशी. अकरा वाजून चाळीस मिनिटांच्या सुमारास समोर एक काळा आकार त्याच्या दृष्टीस पडला. त्याने घंटेचे तीन ठोके दिले आणि टेलिफोनवरून खाली खबर दिली. त्यानंतर टक्कर होईपर्यंत अर्ध्या मिनिटाहून थोडाच अधिक वेळ गेला, असा ब्रिटिश चौकशीत अंदाज बांधला गेला. पंधराशेच्या आसपास माणसे गेली.

या दोघांपाशी दुर्बीण नव्हती. बेलफास्टहून साउदॅम्प्टनला येताना टेहळ्यांना ती मिळाली होती. पण साउदॅम्प्टनला अधिकाऱ्यांची अदलाबदल झाली, डेव्हिड ब्लेअर नावाचे अधिकारी जहाजावरून उतरले, आणि दुर्बीण त्यांच्या खोलीत कुलपात राहिली. टेहळ्यांनी मागणी केली, तेव्हा तुमच्यासाठी दुर्बीण नाही, असे उत्तर मिळाले. पुढे अमेरिकन सिनेटच्या समितीने फ्लीटला विचारले की दुर्बीण असती तर काय झाले असते? त्याने साक्ष दिली की हिमनग थोडा आधी दिसला असता, आणि तेवढ्याने जहाज बाजूला काढता आले असते. जगाला ही कथा फार आवडली. २००७ साली टायटॅनिकवरील पहाऱ्याच्या पिंजऱ्याशी संबंधित एक किल्ली इंग्लंडात लिलावात निघाली, तिला ९० हजार पौंड मिळाले.

माझ्याही मनाने प्रथम हीच बाजू घेतली. कामगाराने हत्यार मागितले, वरच्यांनी दिले नाही आणि अनर्थ झाला. आमच्या सभांतून सांगायला याहून चांगला दाखला कोणता? परंतु इतिहास आपल्या सोयीने वाचू नये. ब्रिटिश चौकशीपुढे अनेक अनुभवी कप्तानांनी सांगितले की टेहळ्याने वस्तू प्रथम उघड्या डोळ्यांनी टिपावी आणि मग ती काय आहे हे दुर्बिणीने पाहावे. मघाशी सांगितलेली मर्यादा आठवली म्हणजे त्यांचे म्हणणे खोडून काढता येत नाही. दक्षिण ध्रुवाकडील बर्फातून जहाजे नेलेले अर्नेस्ट शॅकल्टनही साक्षीला होते. त्यांनी वेगावर बोट ठेवले. बर्फाच्या प्रदेशात असा वेग ठेवला की अपघाताचा संभव फार वाढतो, असा त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ होता. अखेर लॉर्ड मर्सी यांच्या चौकशीने निष्कर्ष काढला तो हाच: जहाज ज्या अतिवेगाने चालवले जात होते त्यामुळे ही टक्कर झाली. आणि १९१४ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय करारात कलम घातले गेले ते असे की मार्गावर बर्फाची खबर असेल तर रात्री कप्तानाने मध्यम वेगाने जावे किंवा मार्ग बदलावा.

मंडळी, इथे मला खरा धडा दिसला. टेहळ्याला दुर्बीण मिळायलाच हवी होती. ती कुलपात राहावी हे लाजिरवाणेच. पण वेग ठरवणारा माणूस पिंजऱ्यात उभा नव्हता. पाहणाऱ्याला पाहिलेल्याचा उपयोग करण्याइतकी सवड ठेवली नाही, तर जगातले उत्तम भिंगही फुकट आहे.

या धड्याची दुसरी बाजू दुर्बिणीच्या जन्मकथेतच आहे. दोन डोळ्यांची आधुनिक लोलकांची दुर्बीण जर्मनीतील जेना येथील त्साइस कारखान्याने १८९४ साली बाजारात आणली. तिच्यामागची बुद्धी एर्न्स्ट आबे यांची. त्यांचे वडील सूतगिरणीत नोकरीला. दिवसाचे चौदा-सोळा तास उभ्याने काम. लहानगा एर्न्स्ट त्यांचे जेवण घेऊन जाई, आणि बाप यंत्राला टेकून घाईघाईने ते उरकी. आपल्या गिरणगावाला हे चित्र अनोळखी नाही. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या अनेक गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताला संपणारा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. उजेडाचा शोध कामगाराच्या वाट्याला असाही येतो!

आबे मोठे झाले, कारखान्याचे भागीदार झाले, पण बापाचे ते जेवण विसरले नाहीत. १८८९ साली त्यांनी कार्ल त्साइस न्यास स्थापला आणि पुढे आपला हिस्सा त्याच्या स्वाधीन केला. १९०० साली त्यांनी कारखान्यात आठ तासांचा दिवस सुरू केला. त्यांनी २३३ कामगारांच्या कामाचा आधीचा आणि नंतरचा हिशेब ताडून पाहिला. तास नवाचे आठ झाले, पण ताशी काम सुमारे १६ टक्क्यांनी वाढले. म्हणजे दिवसाचे एकूण काम घटण्याऐवजी किंचित वाढलेच. थकलेल्या डोळ्याने भिंग घासता येत नाही, हे भिंग करणाऱ्याने आकड्यांनी दाखवून दिले. मग थकलेल्या डोळ्याने भिंगातून पाहता तरी कसे येईल?

पुढची प्रगती थोडक्यात सांगतो. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून चार-पाच टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग असले तर एकतृतीयांश प्रकाश वाटेतच जातो. १९३५ साली त्साइसच्याच अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिशय पातळ लेप देऊन ही गळती रोखण्याची युक्ती काढली. त्याच सुमारास, १९३४ मध्ये, हॉलंडात फिलिप्सच्या प्रयोगशाळेत खिलेस होल्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नळी केली. तिच्या पुढच्या पडद्यावर किरण पडले की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, विजेच्या दाबाने ते धावतात आणि मागच्या पडद्यावर आदळून चित्र उमटवतात. डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरणही त्यामुळे दृश्य झाले. युद्धाने ही नळी लगेच उचलली. १९४५ साली ओकिनावाच्या लढाईत अमेरिकन सैनिकांनी अवरक्त दिवा बसवलेल्या बंदुका वापरल्या; पाठीवर जड बॅटरीचे ओझे, आणि शत्रूपाशी तसलेच यंत्र असते तर तो दिवा त्यालाही दिसला असता. व्हिएतनामच्या युद्धात, १९६० नंतरच्या दशकात, दिव्यावाचून केवळ ताऱ्यांच्या उजेडाला हजारो पटींनी वाढवणारी यंत्रे आली. रात्र उजळ करण्याचे जे काम भिंगांना अशक्य होते, ते या नळीने साधले.

तेव्हा घ्यावे कोणते? समुद्र, माळ किंवा चांदण्यातील जंगल पाहायचे असेल तर लेप दिलेल्या भिंगांची साधी '७ × ५०' पुष्कळदा पुरते. तिला बॅटरी लागत नाही. माझ्यासारख्या पन्नाशी उलटलेल्या माणसाची बाहुली पाच मिलिमीटरच्या आसपासच उघडते. त्याला '८ × ४०' पुरे, वजनही कमी. मिट्ट काळोखात यंत्रच लागते. स्वस्त यंत्रात बहुधा कॅमेरा, पडदा आणि अवरक्त दिवा असतो. दिव्याचा पल्ला संपला की दृष्टी संपली, आणि खिडकीच्या काचेआडून पाहिले तर दिव्याची तिरीप परत आपल्याच डोळ्यांत येते. नळीचे यंत्र भर उन्हात चालू करू नये, नळी खराब होते. उष्णता टिपणारे यंत्र माणूस आणि जनावर झटकन दाखवते, पण चेहरा ओळखू देत नाही आणि काचेपलीकडचे त्याला दिसत नाही. पटींच्या मोठ्या आकड्याला भुलू नये. हात कापला की चित्रही तितक्याच पटींनी कापते. कोपर भिंतीला टेकवावे.

आणि साधी दुर्बीण वापरताना अर्धा तास डोळ्यांना काळोखाची सवय होऊ द्यावी; एक काडी ओढली की ती सवय मोडते. घड्याळ पाहायला तांबडा, मंद दिवा ठेवावा. अंधूक वस्तूकडे रोखून पाहू नये, किंचित बाजूला पाहावे; काळोखात पाहणाऱ्या पेशी डोळ्याच्या मध्यबिंदूत नसतात.

फ्रेडरिक फ्लीट त्या रात्री वाचला. उतारवयात तो साउदॅम्प्टनच्या रस्त्यावर वर्तमानपत्रे विकत असे. १९६५ साली तो वारला; त्याच्या थडग्यावर नावाचा दगड बसला तो १९९३ मध्ये. दुर्बिणीविषयी त्याला जन्मभर लोकांनी विचारले असेल. वेगाविषयी विचारायचे ते त्याला नव्हतेच.

आमच्या सभासदाने ती छोटी दुर्बीण मुलाला देऊन टाकली आणि सेकंडहँड '७ × ५०' घेतली. आता कुंपण दिसते, असे ते म्हणतात. पण त्यांची पाळी बारा तासांची आहे आणि पहाटे चारनंतर दुर्बीण लावली तरी डोळे मिटतात, असेही म्हणतात. ती पाळी आठ तासांची व्हावी म्हणून आम्ही अर्ज दिला आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. आपण सारे ज्यांच्या जागेपणावर निर्धास्त झोपतो, त्यांच्या हाती चांगले हत्यार द्यावे आणि ते धरणाऱ्या डोळ्यांना विसावाही द्यावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.