नावातली बिअर गेली, संघ राहिला

शुक्रवारी रात्री ऑफिसमधून निघताना मशीनला कार्ड टेकवलं आणि लक्षात आलं, गळ्यातलं हे माझं तिसरं आयकार्ड. नोकरी एकच. टेबल साधारण तिथंच, खिडकीतून दिसणारा गुलमोहरही तोच. मधल्या काळात कंपनी दोनदा विकली गेली, एवढंच. दर वेळी नवीन लोगो, नवीन टी-शर्ट आणि "आता आपण एक कुटुंब आहोत" अशी ईमेल. आई विचारते, "तू नक्की कुठल्या कंपनीत आहेस रे आता?" मी नाव सांगतो, पण ते माझं मलाच परकं वाटतं.

हा प्रश्न डोक्यात असतानाच आमच्या प्रोजेक्टवरच्या इस्तंबूलच्या एका सहकाऱ्याशी बास्केटबॉलवरून गप्पा झाल्या. तो कट्टर फेनरबाहचेवाला. त्याच्या वडिलांचा, आजोबांचाही संघ तोच. मी सहज एफेसचा विषय काढला, तर म्हणाला, ते चांगले आहेत, पण त्यांना फॅन कुठं आहेत? तो तर बिअर कंपनीचा संघ!

झालं. शनिवार-रविवार त्यातच गेला. वाचता वाचता वाटायला लागलं की माझ्या तीन आयकार्डांच्या कोड्याचं थोडंफार उत्तर इथं सापडेल.

आधी नावाची गंमत. एफेस म्हणजे प्राचीन एफेसस शहर. इझमिरच्या दक्षिणेला त्याचे अवशेष आहेत आणि सात आश्चर्यांपैकी आर्टेमिसचं मंदिर तिथलंच. पिल्सेन म्हणजे आजच्या झेक प्रजासत्ताकातलं प्ल्झेन हे गाव. १८४२ मध्ये तिथं सोनेरी रंगाची एक बिअर तयार झाली आणि गावाचं नाव त्या प्रकारालाच चिकटलं. तुर्कस्तानात याझिजी आणि ओझिल्हान या दोन कुटुंबांच्या अनादोलू उद्योगसमूहाने १९६९ मध्ये बिअर बनवायला सुरुवात केली आणि ब्रँडचं नाव ठेवलं एफेस पिल्सेन. म्हणजे अर्धं नाव ग्रीकांच्या जुन्या शहराचं, अर्धं झेक गावाचं आणि माल तुर्की!

१९७६ मध्ये या कंपनीने बास्केटबॉलमध्ये उडी घेतली. सुरुवात शून्यापासून केली नाही. दुसऱ्या श्रेणीत खेळणारा कादिकॉयस्पोर नावाचा क्लब ताब्यात घेतला आणि त्याच्या जागी एफेस पिल्सेन उभा केला. आमच्या भाषेत सांगायचं तर कोणाचा तरी रखडलेला प्रोजेक्ट उचलला. १९७८ मध्ये संघ वरच्या श्रेणीत आला आणि पहिल्याच मोसमात, १९७८-७९ मध्ये, थेट राष्ट्रीय विजेता झाला.

कादिकॉय हा इस्तंबूलचा आशियाई बाजूचा भाग, म्हणजे फेनरबाहचेचा बालेकिल्ला. इस्तंबूलमध्ये क्लब म्हणजे काय हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बेशिकताश १९०३ चा, गलातासराय १९०५ चा, फेनरबाहचे १९०७ चा. तिन्ही सभासदांचे क्लब. फुटबॉल, बास्केटबॉल, व्हॉलीबॉल सगळं एका छत्राखाली. सभासद मतदान करून अध्यक्ष निवडतात. मूल जन्माला आलं की त्याचा संघ बहुतेक ठरलेलाच असतो. अशा शहरात एफेसकडे ना मोहल्ला, ना फुटबॉल संघ, ना आजोबांच्या आठवणी. होता तो फक्त कंपनीचा पैसा.

आणि कंपनीच्या पैशाचा भरवसा किती? एजाजिबाशी ही औषधांची कंपनी. तिच्या संघाने बास्केटबॉल लीग आठ वेळा जिंकली, पण पुढे पुरुषांचा संघ बंद झाला. बुर्साचा तोफाश मोटारींच्या कारखान्याचा. १९९९ आणि २००० अशी लागोपाठ दोन वर्षं लीग जिंकून त्याने २००० मध्ये संघ मागे घेतला. (काही वर्षांनी तो परत आला, ते वेगळं.) उल्कर बिस्किटवाल्यांचा. चार वेळा लीग जिंकला आणि २००६ मध्ये फेनरबाहचेत विलीन झाला. आपल्याकडच्या फुटबॉलप्रेमींना हे दुखणं नवीन नाही. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने संघच बंद केला. जिंकत असताना! कंपनीच्या संघाचं आयुष्य हे असं, पुढच्या बजेटपर्यंतचं.

मग एफेस टिकला कसा? माझ्या मते कारण एकच नाही. मालकांनी हात आखडता घेतला नाही, हे पहिलं. पण त्यांनी फक्त तयार खेळाडू विकत आणले नाहीत. लहान मुलांचे, तरुणांचे संघ चालवले आणि प्रशिक्षकाला वेळ दिला. हा प्रशिक्षक म्हणजे आयदिन ओर्स. १९९० च्या दशकात त्याच्या हाताखाली एफेसने १९९२, ९३, ९४, ९६ आणि ९७ अशी पाच वेळा लीग जिंकली. बचाव इतका चिवट की समोरच्या संघाला पन्नाशी गाठणं मुश्कील. १९९३ मध्ये तुरिनला युरोपियन कपची फायनल झाली, त्यात ग्रीसच्या आरिसकडून एफेस हरला तो ५०-४८ असा. बास्केटबॉलच्या फायनलमध्ये पन्नास! दोन गुणांनी कप गेला.

तीन वर्षांनी परत संधी आली. ही स्पर्धा कोराच कप, मोटार अपघातात गेलेला युगोस्लाव्ह खेळाडू रादिवोय कोराच याच्या नावाची. १९९६ च्या मार्चमध्ये फायनलला समोर मिलान. फायनल दोन सामन्यांची, एक घरी, एक त्यांच्याकडे, आणि दोन्हींचे गुण मिळवून निकाल. मिलानच्या संघाचं तेव्हाचं नाव स्तेफानेल, तीही कपड्यांची कंपनीच. इटलीत ही पद्धत जुनी, प्रायोजक बदलला की संघाचं नाव बदलतं. संघात देयान बोदिरोगासारखा खेळाडू, कोच बोगदान तान्येविच. इस्तंबूलला अब्दी इपेकची हॉलमध्ये एफेस ७६-६८ ने जिंकला. (हे नाव १९७९ मध्ये खून झालेल्या एका संपादकाचं. 'मिलियेत' या वर्तमानपत्राचा तो संपादक होता.) परतीच्या सामन्यात मिलानने ७७-७० ने हरवलं. आता बेरीज करा: १४६-१४५. एका गुणाने कप इस्तंबूलला!

तुर्कस्तानच्या कुठल्याही क्लबने सांघिक खेळात जिंकलेला हा पहिला युरोपीय कप. गलातासरायचा फुटबॉलमधला यूएफा कप त्यानंतर चार वर्षांनी, २००० मध्ये आला. म्हणजे शंभर वर्षांच्या परंपरा आणि लाखो फॅन असलेल्या तिघांच्या आधी हा मान मिळवला वीस वर्षांच्या बिअर कंपनीच्या संघाने.

त्या संघात उफुक सारिजा, तामेर ओयगुच हे तुर्की खेळाडू होतेच, पण हुकमाचा एक्का होता पेतार नाउमोस्की. हा मॅसेडोनियाचा. युगोस्लाव्हिया फुटण्याआधी स्प्लिटच्या संघातून दोनदा युरोप विजेता झालेला. आणि इथं एफेसची खरी घडण दिसते. या संघाला मोहल्ला नव्हता, पण प्रदेश होता: बाल्कन. मिरसाद तुर्कजान जन्माने नोवी पाझारचा, म्हणजे आजच्या सर्बियातला. हिदायेत तुर्कोग्लू इस्तंबूलमध्येच वाढला, पण घराणं बोस्नियाक. पुढच्या पिढीतला जेदी ओस्मान ओह्रिदचा, मॅसेडोनियातला. तिकडे देश फुटत होते आणि इथं एका कंपनीच्या जिममध्ये त्या मातीतली मुलं एकत्र सराव करत होती.

यातला मिरसाद एनबीएत खेळणारा पहिला तुर्की खेळाडू ठरला. त्याच्या पाठोपाठ हिदायेत, मग मेहमेत ओकुर. तिघंही एफेसमधून अमेरिकेला गेले. ओकुरची गोष्ट तर मजेशीर. तो आधी तोफाशला होता. २००० मध्ये तोफाशने संघ गुंडाळल्यावर एफेसला आला आणि तिथून डेट्रॉइटला जाऊन २००४ मध्ये एनबीए विजेता झाला. एक कंपनी दार लावते, दुसरी उघडते... आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको :-)

सगळं असं सुरळीत चालू असताना २०११ उजाडलं. जानेवारीत तुर्कस्तानच्या तंबाखू आणि मद्य नियामक संस्थेचे नवे नियम आले. दारूच्या ब्रँडला खेळाचं प्रायोजकत्व बंद. पस्तीस वर्षं छातीवर मिरवलेलं नावच बेकायदा! यावर वाद होणारच होता. एका बाजूचं म्हणणं, मुलं खेळ बघतात, त्यात बिअरची जाहिरात कशाला? दुसऱ्या बाजूला वाटत होतं की सरकारला लोकांच्या राहणीमानात हात घालायचाय. खरं सांगायचं तर मला पहिला मुद्दा पटतो. आपल्याकडे दारूच्या नावाने सोडा आणि म्युझिक सीडी विकण्याचा जो चावटपणा चालतो, आयपीएलच्या एका संघाचं तर नावच व्हिस्कीवरून आलंय, त्यापेक्षा सरळ नियम बरा. पण एफेसच्या बाबतीत ती नुसती जाहिरात उरली होती का? हा खरा प्रश्न.

क्लबने तोडगा काढला. 'पिल्सेन' गाळलं आणि पुढे 'अनादोलू' लावलं. अनादोलू एफेस हे मूळ कंपनीचं नाव, त्यात बिअरचा उल्लेख नाही. २०११-१२ पासून संघ याच नावाने खेळतो. आमच्याकडे व्हेरिएबलचं नाव बदललं की कोड तसाच चालायला हवा. इथं तो लगेच चालला नाही. जुन्या नावाने शेवटची लीग जिंकली ती २००९ मध्ये, नव्या नावाने पहिली जिंकायला २०१९ उजाडलं. मधल्या काळात फेनरबाहचेने मोठा पैसा ओतला, जेलिको ओब्रादोविचसारखा कोच आणला आणि २०१७ मध्ये युरोलीग जिंकणारा पहिला तुर्की क्लब होण्याचा मानही नेला. तोही इस्तंबूलमध्येच झालेल्या फायनलमध्ये. सगळी 'पहिली' कामं करत आलेल्या एफेसला हे किती झोंबलं असेल!

त्याच्या पुढच्या मोसमात तर तळ गाठला. युरोलीगमध्ये ३० सामन्यांत ७ विजय, १६ संघांत शेवटचा. मोसमाच्या मध्यावर, डिसेंबर २०१७ मध्ये, एर्गिन अतामानला परत बोलावलं. हाच कोच असताना २००० मध्ये एफेस फायनल फोर गाठून तिसरा आला होता. २०१८ मध्ये त्याने दोन गार्ड आणले, अमेरिकन शेन लार्किन आणि सर्बियाचा वासिलिये मिचिच. बराचसा संघ नव्याने बांधला. २०१९ मध्ये थेट फायनल, तिथं सीएसकेए मॉस्कोकडून पराभव. २०२० मध्ये २८ पैकी २४ सामने जिंकून पहिल्या क्रमांकावर असताना कोविडमुळे मोसमच रद्द. आणि मग ३० मे २०२१ ला कलोनमध्ये बार्सिलोनाला ८६-८१ ने हरवून पहिली युरोलीग. स्टँड कोविडमुळे रिकामे होते. ज्याला फॅन नाहीत म्हणून हिणवलं, तो संघ प्रेक्षकच नसलेल्या हॉलमध्ये युरोप विजेता झाला!

२०२२ मध्ये परत. प्लेऑफमध्ये हरवलं कोणाला, तर मिलानला, आता अरमानीच्या नावाने खेळणाऱ्या. सेमीफायनलला मिचिचने अगदी शेवटच्या क्षणी तीन गुणांची बास्केट मारून ऑलिंपियाकोसला काढलं. बेलग्रेडच्या फायनलमध्ये रेआल माद्रिद: ५८-५७. परत एक गुण, परत तीच कमी धावसंख्येची, घामटा काढणारी मॅच. आयदिन ओर्स हसला असेल.

एक गोष्ट मात्र खटकते. या विजेत्या संघाचे मुख्य खेळाडू अमेरिकन, सर्ब, क्रोएशियन, फ्रेंच, जर्मन. तुर्की खेळाडू होते, पण १९९६ सारखे केंद्रस्थानी नव्हते. स्वतःची मुलं घडवणारा एफेस थोडा मागे पडला, हे मान्य करायला हवं. अर्थात लार्किनने २०२० मध्ये तुर्की नागरिकत्व घेतलं आणि २०२५ च्या युरोबास्केटमध्ये अतामानच्याच हाताखाली तुर्कस्तानसाठी रौप्यपदक मिळवलं. परका कोण आणि आपला कोण, हे एफेसमध्ये तसंही कधी सरळ नव्हतं.

हे सगळं वाचून झाल्यावर त्या इस्तंबूलवाल्याला परत पिंग केलं. विचारलं, १९९६ ची फायनल आठवते? थोडा वेळ काही उत्तर नाही. मग भलंमोठं आलं. तो तेव्हा शाळेत होता. मिलानच्या सामन्याला घरातले सगळे फेनरबाहचेवाले आणि शेजारचे गलातासरायवाले एकाच टीव्हीसमोर बसले होते. एरवी हे लोक खेळ एकत्र बघतच नाहीत. एफेससाठी मात्र बसता आलं, कारण तो त्यांच्यापैकी कोणाचाच नव्हता.

मला वाटतं, एफेसचा मोहल्ला तो. नकाशावर नाही, नावात तर नाहीच. पिल्सेन गेलं, जुना हॉल २०१८ मध्ये पाडला, कोच ग्रीसला गेला. तरी त्या खोलीत बसलेल्यांना विचारलं तर संघ कुठला ते सांगतील.

असो. उद्या सोमवार. आईला सांगायचंय की कंपनीचं नाव विसरलीस तरी चालेल, माझ्या टेबलाशेजारी कोण बसतं ते तुला माहितीये.