मागचा पंप आणि ओढून नेलेली मोटार

बंद पडलेली ऑटोमॅटिक मोटार चारही चाकांवर ओढून नेऊ नये, हा दंडक वाटतो तितका जुना नाही. १९४० च्या मॉडेलपासून ओल्ड्समोबिल मोटारींत मिळू लागलेल्या ‘हायड्रा-मॅटिक’ या जनरल मोटर्सच्या गिअरबॉक्समध्ये तेलाचे दोन पंप असत. पुढचा इंजिनावर चाले, तर मागचा चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दांड्यावर. त्यामुळे इंजिन बंद असले तरी चाके फिरू लागताच मागचा पंप तेल पुरवू लागे, आणि बॅटरी उतरलेली मोटार ढकलून सुरू करणेही शक्य होई.

साठच्या दशकात अमेरिकी कारखान्यांनी रचना सुटसुटीत करताना हा पंप वगळला. क्रायस्लरच्या ‘टॉर्कफ्लाइट’मधून तो १९६६ च्या मॉडेलला गेला. चालवणाऱ्याला या बदलाची चाहूलही लागली नसेल, पण ओढल्या जाणाऱ्या मोटारीचे संरक्षण त्याबरोबर संपले. न्यूट्रलमध्ये इंजिनाशी असलेला दुवा तेवढा सुटतो, चाकांशी असलेला नाही. म्हणून मोटार ओढली जात असताना मागचा दांडा आणि त्याला जोडलेले, मधल्या चक्राभोवती फिरणारे ग्रहगिअर फिरतच राहतात. इकडे पुढचा पंप थांबलेला असल्याने तेल तळाशी पडून राहते, बुश कोरडे पडून तापतात आणि बाहेरून काहीही न दिसता आत झीज होत जाते.

त्यावरचा उपाय गिअरबॉक्सबाहेर आधीच तयार होता. टेनेसीतील चॅटानूगा येथे अर्नेस्ट होम्स यांनी १९१६ साली ओढ्यात पडलेली मोटार माणसांकरवी बाहेर काढताना झालेल्या दमछाकीनंतर एका जुन्या कॅडिलॅकवर यारी बसवली, आणि मोटारीचे एक टोक उचलून नेण्याची पद्धत तेथून रुळली. मात्र कोणते टोक उचलायचे, हे मागच्या पंपानंतरच्या काळात निर्णायक ठरले : मागच्या चाकांवर चालणारी मोटार मागून उचलावी किंवा तिचा प्रॉपेलर शाफ्ट सोडवावा, पुढच्या चाकांवर चालणारी पुढून उचलावी, आणि चारही चाकांना शक्ती मिळत असल्यास ती सपाट पाठीच्या ट्रकवर, म्हणजे फ्लॅटबेडवर, चढवावी.

भारतात १९८९ च्या रस्ते-नियमांनी ओढणाऱ्या वाहनाला ताशी २४ किलोमीटरची आणि दोन वाहनांतील अंतराला ५ मीटरची मर्यादा घातली. पण ही मर्यादा रस्त्यावरील इतरांच्या सुरक्षेसाठी होती, गिअरबॉक्ससाठी नव्हे. त्यासाठीची मर्यादा मोटारीसोबत मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेतच पाहावी, आणि पुस्तिका हाताशी नसेल तर फ्लॅटबेडच मागवावा.