चित्रफितीवरील प्रतिमादर्शन

मानसशास्त्रीय प्रयोगात चालू चित्रफितीवर ठरलेल्या क्षणी स्थिर प्रतिमा दाखवून अवधान, प्रतिक्रियाकाल इ. अभ्यासण्याचे तंत्र. पायथन भाषेतील सायकोपाय या मुक्तस्रोत प्रणालीत पडद्याच्या प्रत्येक चौकटीसाठी आधी चित्रफीत व नंतर प्रतिमा रेखाटतात. क्रम उलटल्यास प्रतिमा चित्रफितीखाली झाकली जाते. संपादनातच प्रतिमा चित्रफितीत मिसळली, तर दोहोंचा मेळ चुकणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो अंशतः खरा आहे. परंतु मग प्रत्येक सहभागी व्यक्तीसाठी प्रतिमांचा क्रम यादृच्छिक ठेवणे अवघड होते आणि संपीडनाने कडा धूसर होऊ शकतात. शिवाय ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चौकट सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते, तर सेकंदाला २५ चौकटींच्या चित्रफितीत ४०. त्यामुळे स्वतंत्र प्रतिमेची वेळ अधिक नेमकी साधते. गळालेल्या, म्हणजे वेळेवर न दाखवल्या गेलेल्या, चौकटींची नोंद ठेवल्यास हीच पद्धत श्रेयस्कर ठरते.